समुद्राच्या मापाचा कोट

बारामतीहून समुद्र शंभर-सव्वाशे मैल पश्चिमेला आहे. या भागातल्या कऱ्हा, नीरा आणि भीमा या नद्या मात्र पूर्वेला वाहतात. त्यामुळे इकडच्या माणसाला पाण्यामागून चालत गेलं तरी जवळचा समुद्र सापडत नाही. दगडू शिंप्याला तो रद्दीच्या कागदांत सापडला.

मी त्या वेळी पुण्याच्या एका साप्ताहिकाचा बारामती-इंदापूर भागाचा बातमीदार होतो. एकोणीसशे तीस ते चाळीसच्या दरम्यानची आठ वर्षं मी पेठेतल्या एका माडीवर राहिलो. खाली दगडूचं दुकान आणि दुकानामागे त्याचं घर होतं. माडीचा जिना दुकानातूनच वर जाई, त्यामुळे दिवसातून चार-सहा वेळा त्याच्या मशीनला वळसा घालावा लागे. त्याच्याविषयी मला जे माहीत आहे ते बहुतेक या जाण्यायेण्यातलं आहे.

तो तेव्हा चाळिशीच्या पुढे-मागे असावा. उंच, बारीक, मानेपासून किंचित वाकलेला. गळ्यात फीत, कानामागे खडूचा तुकडा, ओठांत दोन-तीन टाचण्या. टाचण्या न काढता तो बोलत असे आणि ऐकणाऱ्याला शब्द कळत. गाव त्याला तात्या म्हणे. कोरं कापड आलं की तो ते आधी दाराजवळच्या दगडी डोणीत दिवसभर भिजत टाकी, मग दोरीवर वाळवी आणि मगच कात्री हातात घेई. कोरं कापड पाणी लागलं की आकसतं. न भिजवता शिवलेला सदरा पहिल्या धुण्यात आखूड होतो. हे सगळ्या शिंप्यांना माहीत असतं. घाईचं गिऱ्हाईक आलं की पुष्कळ जण ते विसरतात. दगडू विसरत नसे. "कापडाला आधी रडून घिऊ द्या," तो म्हणे. "मग ते अंगावर रडत न्हाय."

कालव्याच्या इंजिनिअर साहेबाचा बंगला गावाबाहेर होता. तिथलं शिवणटिपण दगडूकडे येई. बंगल्यावरचा बटलर कपडे जुन्या विलायती मासिकांच्या पानांत गुंडाळून आणी. कपडे परत जात, पानं दुकानात राहत. त्या पानांवर उन्हाळ्याच्या सुटीला समुद्रकाठी गेलेली माणसं होती. रुंद पायांचे पांढरे पायजमे घातलेल्या बाया, गवती हॅटी, कॅनव्हासचे बूट, पट्ट्यापट्ट्यांच्या मोठ्या छत्र्या, आणि वाळूत सताड पसरलेले पुरुष. दगडूला इंग्रजी येत नव्हतं. कपडे वाचता येत होते. त्याने ती पानं खळीने आतल्या भिंतीवर चिकटवली आणि त्या भिंतीपुढे उभं करून तो गिऱ्हाइकाचं माप घेऊ लागला.

माप घेताना तो समोरच्याला समुद्रावर काय शोभेल ते सांगे. मामलेदार कचेरीतला एक कारकून अंगाने बराच भरलेला होता. दगडूने त्याच्या पोटाभोवती फीत फिरवली आणि भिंतीकडे मान केली.

"रावसाहेब, आडव्या पट्ट्या तुमच्या कामाच्या न्हाईत. उभ्या घ्या. आडव्यात तुमी छत्रीच दिसाल."

"मला एक कोट हवाय, दगडू. कचेरीत घालायला."

"त्यो करतोच की. म्या समुद्रावरचं सांगतोय."

तालमीतल्या एका पैलवानाला त्याने सांगितलं, "तुमचं खांदं तितं कुणालाबी न्हाईत. तुमी काय घालूच नका." पैलवान लाजला. महिनाभर तालमीत त्याला समुद्रवाला म्हणत होते.

शेळगावचा बिरा आबा बाजाराच्या दिवशी दुकानात टेकत असे. त्याची मेंढरं होती. म्हातारा, तोंडाने फटकळ. एकदा तो वाळूत पडलेल्या माणसांच्या चित्राजवळ गेला आणि बराच वेळ बघत राहिला.

"तात्या, ही मानसं मेलीत का काय?"

"न्हाय आबा. ऊन खात्यात."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. रेल्वेचं तिकीट काढून जात्यात, उन्हात निजायला."

आबाने मुंडासं सारखं केलं. "आन आमी येडी. जल्मभर फुकट खाल्लं. त्या साहेबाला म्हणावं, शेळगावच्या माळावर ये. चैतात ये. दोन दिसांत कोळसा करून धाडतो."

दुकानात बसलेले चौघे-पाचजण हसले. दगडूही हसला. मग त्याने टाचण्या तोंडातून काढल्या. तो हे क्वचितच करी.

"ऊन तेच असंल, आबा. पर तितं पायाशी पानी असतं. हवं तवा उठायचं नि जायचं. पाळी लागत न्हाय."

इकडे कालव्याचं पाणी पाळीने मिळतं. ठरल्या दिवशी, ठरल्या तासाला आपल्या शेताचं दार उघडतं आणि बंद होतं. पाळी न लागणारं पाणी म्हणजे काय हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. यावर कोणी हसलं नाही.

दगडूने समुद्र पाहिला नव्हता. त्याच्या ओळखीत तो पाहिलेला मी एकटाच होतो आणि माझी साक्ष त्याला अपुरी वाटे. लाटेचा आवाज कसा, वाळू पायाला भाजते का, हे मी सांगू शकलो. बायांच्या पायजम्याला नाडी असते की गुंड्या, ते सांगू शकलो नाही. "तुमी नुस्तं पानीच बघून आला," तो म्हणाला.

त्याच्या बायकोचं नाव अनसूया. गाव तिला अनसाबाई म्हणे. त्यांना मूलबाळ नव्हतं. काजं, गुंड्या, हातशिलाई ती करी. नवऱ्याच्या समुद्राची दुकानात सर्वांत जास्त थट्टा तीच करी, आणि सर्वांत जास्त चौकशीही तिचीच असे. बटलर आला की ती सुई थांबवून विचारी, "ह्या छत्रीच्या पट्ट्या कंच्या रंगाच्या वो?" चित्रं काळी-पांढरी होती. बटलर एकदा तांबड्या म्हणाला, एकदा हिरव्या. "म्हंजी तुमीबी बघितल्या न्हाईत," ती म्हणाली. 

एका उन्हाळ्याच्या सुरुवातीला साहेबाच्या मडमेचा पोहण्याचा पोशाख दुरुस्तीला आला. काळा, अंगाबरोबर बसणारा. पाठीला कसरीची कीड लागून रुपयाएवढं भोक पडलं होतं. दगडूने तो हातात घेतला आणि उजेडात नेला. पोशाख लोकरीचा होता.

"उन्हाळ्यात, पाण्यात, आन लोकर?" त्याने मला विचारलं. 

बिरा आबा दारात बसला होता. त्याने पोशाखाचं टोक दोन बोटांत चोळलं. "ह्यात नवल काय? घोंगडं भिजलं तरी ऊब सोडत न्हाय. पावसात मेंढरामागं आमी काय पांघरतो? साहेब आत्ता शिकला." त्याने आपल्या घोंगडीच्या कडेचा काळा धागा ओढून दिला. दगडूने त्या धाग्याने भोक रफू केलं.

"टोचंल तिला," अनसाबाई म्हणाली.

"समुद्रात कशाचं टोचतंय!"

मडम महिनाभर समुद्रावर राहून पावसाच्या आधी परतली. पोशाख पुन्हा दुकानात आला, आणि बटलरने निरोप सांगितला. मडम महिनाभर त्या एकाच जागी खाजवत होती. मात्र पाण्यात बाकीचा पोशाख सैल पडून लोंबायला लागला, तेव्हा रफूची जागा तेवढी होती तशी घट्ट राहिली.

दगडूने निरोपाचा पहिला भाग ऐकलाच नाही. त्याने पोशाखाला नाक लावलं आणि तो अनसाबाईकडे दिला. तिनेही वास घेतला. "मिठाच्या बरणीवानी येतोय," ती म्हणाली.

"आपला एक टाका समुद्र बघून आला," दगडू म्हणाला. हे वाक्य त्याने पुढे कित्येक दिवस दुकानात येईल त्याला सांगितलं. पाटबंधारे खात्याच्या ओव्हरसिअरलाही सांगितलं.

पुढच्या फाल्गुनात त्याने स्वतःसाठी कपडे शिवायला घेतले. पांढऱ्या ड्रिलच्या जाड कापडाचा बिनअस्तराचा कोट आणि रुंद पायांची पाटलोण. हॅट बाजारात टोपल्या विकणाऱ्या एका बाईकडून शिंदीच्या पानांची विणून घेतली. ती चित्रातल्यापेक्षा जड झाली आणि तिला टोपलीचा घाट आला. अनसाबाईसाठी पांढरं पोलकं शिवलं, त्याला पाठीवर रुंद चौकोनी कॉलर आणि कडेला निळी फीत.

"ह्ये पाठीवर फडकं कशाला?" अनसाबाईने विचारलं.

"वारं असतं तितं. फडफडायला."

"आन बायका काय म्हणतील?"

"तितं कुठली आपल्यातली बाई ईल?"

"मग तितंच घालीन. हितं न्हाय." तिने पोलकं घडी करून पेटीत ठेवलं. घडी करताना फीत मुडपू नये म्हणून मध्ये कागद घातला. हे मी जिन्यावरून पाहिलं.

या कपड्यांत एक गोष्ट वेगळी होती. डोण भरलेली असताना दगडूने हे कापड भिजवलं नव्हतं. कोट त्याच्या अंगावर मोठा होत होता. बाह्या बोटांच्या टोकापर्यंत येत होत्या. मला वाटलं, माप चुकलं. मी तसं म्हणालो.

"चुकत न्हाय," तो म्हणाला. "बाहीला तीन बोटं, लांबीला चार, छातीला दोन जादा धरलीत. ड्रिल तेवढंच आकसतं. समुद्रात एक बुडी मारली आन वाळवलं, की बरोब्बर अंगाला बसंल."

"मग इथेच भिजवून घ्यायचं."

"दुसऱ्याचं म्या भिजवतो. ह्ये समुद्रानं भिजवायचं." त्याने कोट खुंटीला लावला. "तिच्या पोलक्याचंबी तसंच हाय. हितलं पानी त्याला लावायचं न्हाय."

आता जायचं तेवढं राहिलं होतं. ते चार वर्षं राहिलं. कारण सरळ होतं. चैत्र-वैशाखात लग्नसराई. लग्नघरचे लोक शिंप्याला घरी नेत. बैलगाडीत मशीन घालून तो जाई आणि ओसरीवर बसून आठ-आठ दिवस वऱ्हाडाचे कपडे शिवी. निमगाव केतकीला, शेळगावला, इंदापूरच्या बाजूला त्याची घरं ठरलेली होती. वधूचे कपडे दुसऱ्याच्या हातचे चालत नसत. लग्नं संपेपर्यंत मृग लागे. मृगात कोकणच्या बोटी बंद होत, त्या नारळी पौर्णिमेनंतर सुरू होत. म्हणजे समुद्राचा उन्हाळा आणि शिंप्याचा हंगाम एकच होता.

यातून एक वाट होती आणि ती मी सुचवली. अलिबागला माझ्या ओळखीचे एक निवृत्त शाळामास्तर राहत. किनाऱ्यालगत घर, एक खोली रिकामी. कार्तिकात बोटी चालू असतात, लग्नं नसतात. मास्तरांचं होकाराचं पत्र आलं ते मी दगडूला वाचून दाखवलं.

"कार्तिकात?" तो म्हणाला. "गारठ्यात?"

"तिथे गारठा नसतो."

"असंल. पर ही कापडं उन्हाची हायेत. कार्तिकात तितं छत्र्या नसतील, मानसं नसतील. मोकळ्या रानात कोट घालून हिंडायचं व्हय?"

अनसाबाई काजं करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मग आपलं लुगडं-धोतर नेसून जाऊ. मला काय कापडं मिरवायची न्हाईत. मला समुद्र बघायचाय."

"अर्धं काम करायचं न्हाय. येत्या वैशाखात जाऊ. निमगावचं एक लगीन धरलंय. तेवढं उरकलं की दुसरं घेत न्हाय. शब्द देतो."

"चार वैशाख दिला."

"ह्यो पाचवा. शेवटचा."

तिने दोरा दाताने तोडला. मी वर जायला निघालो तेव्हा ती मला म्हणाली, "भाऊ, ह्यांचा समुद्र आंब्यावानी हाय. उन्हाळ्यातच पिकतो." ती हसत होती. मी मास्तरांना वैशाखात येऊ असं कळवलं.

वैशाखात दगडू निमगावला गेला. पानमळे असलेलं मोठं घर होतं, दोन बहिणींची लग्नं एकाच मांडवात. तो गेल्यावर पाचव्या दिवशी अनसाबाईला ताप आला. पेठेत त्या आठवड्यात आणखी काही घरांत ताप होता. डॉक्टरांनी विषमज्वर सांगितला. तो वाढल्यावर मी निमगावकडे जाणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरजवळ चिठ्ठी दिली. दगडू त्याच दिवशी परत आला. मशीन तिकडेच राहिलं.

तो आला तेव्हा अनसाबाई अजून माणसं ओळखत होती. शेजारच्या बाईने नंतर सांगितलं ते असं: अनसाबाईने विचारलं, "बोटी चालू हायेत अजून?" दगडू म्हणाला, "हायेत." ती म्हणाली, "मग बरं." दुसऱ्या दिवसापासून ती कोणाला ओळखेना. तिसऱ्या दिवशी दुपारी गेली.

त्या आठवड्याच्या अंकात माझी बातमी आहे: "बारामतीत तापाची साथ असून काही माणसे दगावली आहेत. विहिरींत औषध टाकण्याचे काम सुरू आहे." त्या काहींत अनसाबाई होती. मजकूर एवढाच पाठवायचा असे आणि मी तेवढाच पाठवला.

नेसवायचं काय, हे विचारायला शेजारच्या बायका दगडूकडे आल्या तेव्हा त्यांनी पेटीतलं पांढरं पोलकं काढलं होतं. कोरं होतं, म्हणून. दगडू म्हणाला, "त्ये न्हाय." बायकांनी दुसरं शोधलं.

तेराव्यानंतर दुकान उघडलं. निमगावहून मशीन आलं. डोण पुन्हा भरली, दोरीवर पुन्हा कापडं वाळू लागली. काम पूर्वीसारखंच चोख होतं. काजं तो आता स्वतः करी. भिंतीवरची चित्रं होती तशीच राहिली. खळ खाणारे किडे कडेने लागले होते. कचेरीतला कारकून एकदा भिंतीपुढे उभा राहिला आणि बरं वाटावं म्हणून म्हणाला, "काय तात्या, आम्हाला उभ्या की आडव्या?"

"हात वर करा," दगडू म्हणाला आणि छातीचं माप घेतलं.

बिरा आबा बाजाराला आला की पूर्वीसारखा दारात बसे.  एकदा त्याने एवढंच विचारलं, "जायाचं ऱ्हायलंच का तुझं?" दगडूने मशीन चालू ठेवलं.

वर्ष गेलं. पुढच्या चैत्रात निमगावचे लोक लग्नाच्या शिवणाची सुपारी घेऊन आले तेव्हा दगडूने सुपारी घेतली नाही. इंदापूरहून आलेल्यांचीही घेतली नाही. "औंदा न्हाय," एवढंच सांगितलं. पेठेत याची बरीच चर्चा झाली. गेल्या पाच वैशाखांत जे जमलं नाही ते या वैशाखात एका शब्दात जमलं, हे मी नोंदवतो.  मला विचारलं, "त्ये मास्तर हायेत का अजून?" मी पत्र लिहिलं. मला रजा होती. मीही गेलो.

बारामतीहून छोट्या आगगाडीने दौंड, तिथून पुणे, मुंबई, मुंबईहून बोटीने रेवस आणि पुढे मोटारीने अलिबाग. बोटीत दगडू इंजिनाकडे तोंड करून बसला. मी म्हणालो, "तात्या, समुद्र मागे आहे."

"ह्यो धरायचा न्हाय," तो म्हणाला. "अंगावर धोतर हाय."

मास्तरांच्या घरी त्याने कपडे बदलले. कोट, पाटलोण, शिंदीची हॅट. बाह्या दोनदा दुमडल्या. पाटलोणीचे पाय त्याने दुमडले नाहीत. ते जमिनीवर ओढत होते. मास्तर सभ्य गृहस्थ होते. ते दुसरीकडे बघत राहिले. दगडूच्या हातात एक कापडी पिशवी होती.

किनाऱ्यावर आलो तेव्हा ओहोटी होती. पाणी लांब गेलेलं, समोर काळसर ओली वाळू आणि दूर किल्ला. छत्र्या नव्हत्या. दोन कोळी जाळं दुरुस्त करत होते. एक धोतरवाला गृहस्थ वहाणा हातात घेऊन चालला होता. त्याने दगडूकडे पाहिलं आणि वाट सोडून पलीकडून गेला.

"वाळू काळी हाय," दगडू म्हणाला. "आपल्या रानावानी."

मग त्याने मास्तरांना विचारलं, "पानी कुटं गेलं? पाळी कवाची हाय?"

मास्तरांना समजेना. मी कालव्याच्या पाळीचा अर्थ सांगितला. ते म्हणाले, "भरती साडेचारच्या सुमारास लागेल." दगडूने मान हलवली. पाळी लागत नाही असं तो दुकानात म्हणाला होता ते मला आठवलं. 

साडेचारपर्यंत आम्ही सुरूच्या सावलीत बसलो. त्याने पाण्याकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं. कोणाच्या कपड्यांविषयी काही म्हणाला नाही. भरती लागली, पाणी वाळूवरून पुढे सरकत आलं. तो उठला. पाटलोणीचे पाय गुडघ्यापर्यंत गुंडाळले. पाणी घोट्याला लागेल इथपर्यंत गेला आणि वाकून पिशवीतून पोलकं काढलं. घडीतला कागद खिशात ठेवला. पोलकं त्याने पाण्यात बुडवलं, हाताने दाबून धरलं, सोडलं, पुन्हा बुडवलं. दुकानात डोणीशी तो हेच करी. मग पिळलं, झटकलं, वर येऊन खडकावर पसरलं आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. वारा होता. दगडांमधून कॉलर थोडी फडफडली.

वाळायला तासभर लागला असेल. तेवढा वेळ तो खडकाजवळ उभा होता. नंतर त्याने कोटाच्या आतून गळ्यातली फीत काढली. ती तो बरोबर घेऊन आला होता हे मला तोवर दिसलं नव्हतं. पोलक्याची छाती मोजली, बाही मोजली, खांदा मोजला, आणि बाही दुसऱ्यांदा मोजली.

"बरोब्बर आलं," तो म्हणाला. "एक सूतबी इकडं-तिकडं न्हाय. तिला बसलं असतं."

मी विचारलं, "आणि तुम्ही? बुडी?"

त्याने पोलक्याची घडी केली. मध्ये कागद घातला. "पानी खारं हाय," तो म्हणाला.

आमची दोन दिवसांची राहण्याची सोय होती. दुसऱ्या दिवशी तो किनाऱ्यावर आला नाही. मास्तरांच्या ओसरीवर बसून त्याने त्यांच्या नातवंडांचे उसवलेले सदरे शिवून दिले. मास्तरांनी आभार मानले आणि पुन्हा या म्हणाले. परतीच्या बोटीत तो समुद्राकडे तोंड करून बसला होता. अंगावर धोतर होतं.

त्यानंतरच्या फाल्गुनाअखेरीस माझी पुण्याला कचेरीत बदली झाली. मी सामान घेऊन स्टेशनकडे निघालो तेव्हा दगडू दुकानात नव्हता. निरोप घ्यायचा राहिला असं वाटलं. पण इंदापूर रस्त्याच्या फाट्यावर मागून एक बैलगाडी आली आणि त्या रस्त्याला वळली. गाडीत गोणपाटावर मशीन बांधलेलं होतं आणि मशीनला हात लावून दगडू बसला होता. लगीन निमगावचं होतं, गाडीवानाने सांगितलं.

"चालला का, बातमीदार?" दगडू म्हणाला.

"चाललो, तात्या. पुण्याला आलात तर या."

"व्हय," तो म्हणाला. टाचण्या ओठांत होत्या. गाडी थांबली नाही.

त्याच्या अंगावर तो पांढरा ड्रिलचा कोट होता. वर्षभराच्या वापराने कॉलर काळी पडली होती, खिशाशी तेलाचा डाग होता. बाह्या आकसल्या नव्हत्या, अजून दोनदा दुमडलेल्या होत्या.